देखरेखीची शंभर वर्षे : महाराष्ट्रातील परिवीक्षा सेवेची वाटचाल

मुंबई इलाख्यात 1924 साली मुलांसाठीचा स्वतंत्र कायदा संमत झाला. गुन्ह्यात सापडलेल्या मुलाला तुरुंगात न धाडता, त्याच्याच घरी आणि त्याच्याच वस्तीत, एका जबाबदार अधिकाऱ्याच्या नजरेखाली वाढू द्यावे, हा परिवीक्षेचा विचार या कायद्यामुळे आपल्या प्रांतात रुजला. त्या घटनेला शंभर वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने ही स्मरणिका निघत आहे आणि आपल्या सेवेची वाटचाल एकत्र मांडण्याची संधी मिळत आहे.

ही वाटचाल एका इमारतीची किंवा एका कार्यालयाची नाही. न्यायालयाच्या आवारातली एखादी खोली, निरीक्षणगृहाचे कार्यालय, जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयातले एखादे टेबल, स्वयंसेवी संस्थेचा दवाखान्याशेजारचा वर्ग, अशा अनेक जागांतून हे काम उभे राहिले. ते चालवले परिवीक्षा अधिकाऱ्यांनी, मानद कार्यकर्त्यांनी, दंडाधिकाऱ्यांनी, वकिलांनी, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी आणि कारकून-शिपायांनीही. त्यांची नावे लिहायला बसलो तर हा अंक पुरणार नाही. ज्यांच्यासाठी हे काम झाले त्यांची नावे तर द्यायचीच नाहीत. परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल कायद्यानेच गोपनीय आहे, आणि ती गोपनीयता हा आमच्या कामाचा पाया आहे.

शंभर वर्षांच्या अनुभवाचे सार आरंभीच सांगावेसे वाटते. आरोपीला शिक्षेऐवजी हमीपत्रावर सोडणे हे अर्धेच काम आहे. तो पुन्हा गुन्ह्याकडे वळणार की नाही, हे पुष्कळ अंशी सोडल्यानंतरच्या देखरेखीवर ठरते. जिथे देखरेख मन लावून झाली तिथे घरे सावरली, आणि जिथे ती कागदावर राहिली तिथे चांगला कायदाही दुबळा ठरला.

1924 पूर्वी : पार्श्वभूमी

परिवीक्षेचा उगम अमेरिकेतील बॉस्टन शहरात सांगितला जातो. जॉन ऑगस्टस हा तिथला बूट तयार करणारा कारागीर. 1841 साली त्याने न्यायालयातून एका दारुड्याला जामिनावर सोडवून घेतले, त्याला कामाला लावले आणि ठरल्या दिवशी सुधारलेल्या स्थितीत पुन्हा न्यायाधीशांपुढे उभे केले. 1859 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने जवळपास दोन हजार माणसांची अशी जबाबदारी घेतली. त्याच मॅसॅच्युसेट्स राज्याने 1878 साली परिवीक्षेचा पहिला कायदा केला. इंग्लंडने 1907 साली कायदा केला, तेव्हा अधिकाऱ्याने सल्ला द्यावा, मदत करावी आणि मैत्र जोडावे, अशी त्याची कर्तव्ये सांगितली.

आपल्याकडे 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 562 होते. पहिल्यांदा गुन्हा करणाऱ्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची मुभा त्यात होती आणि 1923 च्या दुरुस्तीने तिची व्याप्ती वाढली. मात्र सोडलेल्या माणसावर लक्ष ठेवणारी, त्याला हात देणारी व्यक्ती या कलमात कुठेच नव्हती. मुलांसाठी 1897 चा सुधारशाळांचा कायदा होता आणि मुंबईत 1857 पासून डेव्हिड ससून यांच्या नावाची औद्योगिक शाळा होती. या व्यवस्थांनी मुलांना तुरुंगापासून दूर ठेवले, तरी मूल घरापासून तुटत होतेच.

सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील तुरुंग समितीने 1919-20 मध्ये देशभरच्या कारागृहांची पाहणी केली. तुरुंगाचा हेतू केवळ धाक घालणे हा नसून माणूस सुधारणे हाही आहे, असे या समितीने ठामपणे मांडले आणि मुलांसाठी वेगळ्या न्यायालयांचा आग्रह धरला. त्यानंतर मद्रासने 1920 साली, बंगालने 1922 साली आणि मुंबईने 1924 साली मुलांचे कायदे केले.

1924 ते 1934 : पहिली पावले

कायदा झाला तरी मुंबई शहरात त्याचा अंमल सुरू व्हायला 1927 साल उजाडले. त्याच वर्षी चिल्ड्रन्स एड सोसायटीची स्थापना झाली. मुलांसाठीचे न्यायालय, चौकशी होईपर्यंत त्यांना ठेवण्याचे रिमांड होम आणि परिवीक्षा अधिकारी ही तीन अंगे या काळात एकमेकांना जोडली गेली. सोसायटीचे रिमांड होम उमरखाडीला डोंगरीच्या जुन्या तुरुंगाच्या आवारात उभे राहिले. 1882 साली टिळक आणि आगरकर यांनी 101 दिवसांचा कारावास याच डोंगरीच्या तुरुंगात भोगला होता. त्या भिंतींच्या आत मुलांसाठी शाळा, खेळ आणि हस्तव्यवसाय सुरू व्हावेत, हे या चळवळीच्या आरंभकाळाचे मोठे संचित आहे.

या पहिल्या पिढीपुढे अडचणींचा डोंगर होता. पगारी माणसे मोजकी, निधी देणगीदारांच्या कृपेवर आणि वस्ती गिरण्यांच्या भोवती झपाट्याने वाढणारी. गावाकडून एकटीच आलेली, फलाटावर झोपणारी, गोदीत किंवा बाजारात किरकोळ चोरी करताना पकडलेली मुले न्यायालयापुढे येत. कुणाचा पत्ता सापडत नसे, कुणाचे आईबाप कोकणात किंवा घाटावर असत. मुलाने सांगितलेल्या गावाच्या नावावरून पाटलाला पत्र लिहायचे आणि उत्तराची वाट पाहायची, हाच चौकशीचा मार्ग होता. अशा पत्रव्यवहारातूनच घर शोधण्याची आणि नाते पुन्हा जोडण्याची आमची कार्यपद्धती तयार झाली.

1935 ते 1947 : मोठ्यांसाठी कायदा, कामासाठी प्रशिक्षण

हे काम करणाऱ्याला सहृदयतेबरोबर शास्त्रशुद्ध शिक्षणही हवे, ही जाणीव याच सुमारास झाली. 1936 साली नागपाड्यात सर दोराबजी टाटा समाजकार्य शाळा सुरू झाली. डॉ. क्लिफर्ड मॅन्शर्ड्ट हे तिचे पहिले संचालक. पुढे 1944 मध्ये ती टाटा समाजविज्ञान संस्था झाली. या संस्थेने आपल्या सेवेला अनेक पिढ्या प्रशिक्षित माणसे दिली.

कायद्याची व्याप्तीही वाढली. मध्य प्रांत व वऱ्हाडने 1936 साली स्वतःचा परिवीक्षा कायदा केला. त्यामुळे प्रौढांच्या परिवीक्षेत आजच्या विदर्भाची परंपरा मुंबईइतकीच जुनी आहे, हे आवर्जून नोंदवले पाहिजे. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ सत्तेवर असताना आणि कन्हैयालाल मुन्शी गृहमंत्री असताना 1938 चा मुंबई परिवीक्षा कायदा आला. कलम 562 मध्ये जे नव्हते ते या कायद्याने दिले. हमीपत्राच्या जोडीला देखरेख आली आणि तीही प्रौढ आरोपींसाठी.

याच वातावरणात औंध संस्थानात एक वेगळा प्रयोग झाला. 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभी राहिली. भवानराव पंतप्रतिनिधींचा पाठिंबा आणि मॉरिस फ्रिडमन यांची कल्पकता यांतून शिक्षा झालेली माणसे तिथे कुंपणाविना शेती करू लागली. व्ही. शांताराम यांचा 1957 चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. ती परिवीक्षा नव्हती. तरी विश्वास टाकल्यावर माणूस जबाबदार होतो, हे या वसाहतीने महाराष्ट्राला दाखवले आणि आमच्या कामाला नैतिक बळ दिले.

1948 ते 1957 : स्वातंत्र्य आणि नवी दृष्टी

1948 साली मुंबईचा मुलांचा कायदा नव्याने झाला. त्यापाठोपाठ घडलेली गोष्ट आमच्या सेवेच्या दृष्टीने फार मोलाची आहे. 1871 पासून चालत आलेला गुन्हेगार जमातींचा कायदा मुंबई प्रांताने 1949 मध्ये रद्द केला आणि 31 ऑगस्ट 1952 रोजी तो देशभरातून गेला. सोलापूरच्या तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतीत ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्या कैकाडी, पारधी आणि इतर समाजांना देखरेख म्हणजे पोलिसाची हजेरी एवढेच माहीत होते. परिवीक्षा अधिकारी त्यांच्या पालावर गेला की बायामाणसे मुलांना आत ओढत. त्या भीतीचे कारण खरे होते. हजेरी घेणारा माणूस संशय घेऊन येतो. आपण त्याच दारात विश्वास घेऊन जायचे, हे त्या काळच्या कार्यकर्त्यांनी ठरवले. गणवेश नाही, सोबत शिपाई नाही, भर वस्तीत मोठ्याने नाव पुकारायचे नाही, शेजाऱ्यांसमोर गुन्ह्याचा उल्लेख करायचा नाही, हे त्यांनी घालून दिलेले दंडक आजही पाळले जातात.

संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ डॉ. वॉल्टर रेकलेस 1951-52 मध्ये भारतात आले. टाटा समाजविज्ञान संस्थेत त्यांनी तुरुंग व सुधारसेवेतील अधिकाऱ्यांना प्रशिक्षण दिले आणि त्यांच्या अहवालाने परिवीक्षेच्या देशव्यापी विस्ताराला गती दिली. पाठोपाठ प्रा. एम. एस. गोरे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुटकेनंतरच्या आधाराचा, म्हणजे अनुरक्षणाचा विचार मांडला. ‘परिवीक्षा व अनुरक्षण’ ही जोडी आपल्या राज्य व जिल्हा संघटनांच्या नावांत दिसते, तिच्यामागे हाच विचार आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत शिक्षक, वकील, डॉक्टर आणि व्यापारी मंडळी या संघटनांत आली आणि निरीक्षणगृहांचा भार त्यांनी उचलला.

1958 ते 1969 : केंद्रीय कायदा आणि गृहभेटीचे शास्त्र

1958 चा अपराधी परिवीक्षा अधिनियम हा आमच्या इतिहासातील सर्वांत मोठा टप्पा. किरकोळ गुन्ह्यात समज देऊन सोडण्याची तरतूद कलम 3 मध्ये आली. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा नसलेल्या गुन्ह्यांत चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी सोडण्याची तरतूद कलम 4 मध्ये आली. देखरेखीचा आदेश झाला तर तो किमान एक वर्षाचा असावा, असेही ठरले. एकवीस वर्षांखालील तरुणाला कैदेत पाठवायचे तर न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून कारणे नोंदवावीत, असे कलम 6 सांगते. नुकसानभरपाईचीही सोय झाली. कलम 12 ने तर परिवीक्षेवर सुटलेल्याच्या माथी दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता पुसली. मुंबई राज्याच्या 1959 च्या भीक प्रतिबंधक कायद्यानेही चौकशीचे काम परिवीक्षा अधिकाऱ्याकडे दिले.

सर्वोच्च न्यायालयाने 1964 मध्ये रतनलाल विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात या कायद्यामागची सुधारणेची भूमिका उचलून धरली. पुढे 1972 मध्ये जुगल किशोर प्रसाद खटल्यात, सराईतांच्या संगतीत राहून तरुण निर्ढावू नये हाच कायद्याचा उद्देश असल्याचे न्यायालयाने म्हटले.

गृहचौकशीची पद्धत या दशकात पक्की झाली. न्यायालयाकडून पत्र आले की अधिकारी पत्ता शोधत निघतो. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत शिरल्यावर त्याची नजर नोंदी घेऊ लागते. किती माणसे झोपतात, चूल कुणाच्या पगारावर पेटते, मुलाचे दप्तर कुठे आहे, बापाच्या हाताला दुपारीच कंप आहे का. आई आधी बोलत नाही. चहा पुढे येतो, मग थोडे रडणे आणि मग खरी गोष्ट : शाळा केव्हा सुटली, कुणाच्या नादाला लागला, पहिली वस्तू घरी आणली तेव्हा कोण काय बोलले. नंतर शेजारी, शाळेचे हेडमास्तर, काम देणारा मुकादम. हे सगळे दोन-तीन पानांत मांडून शेवटी आपले मत लिहायचे. त्या मतावर एका तरुणाची पुढची वर्षे अवलंबून असतात, याची जाणीव ठेवून लिहिलेल्या अहवालांनी न्यायालयांचा विश्वास मिळवला.

1970 ते 1985 : विस्तार आणि परीक्षा

1973 ची नवी फौजदारी प्रक्रिया संहिता 1974 पासून अमलात आली. जुन्या कलम 562 ची जागा कलम 360 ने घेतली. कलम 361 ने, परिवीक्षेचा लाभ देता येत असूनही न दिल्यास न्यायालयाने त्याची विशेष कारणे नोंदवावीत, असे बंधन घातले. 1980 मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी वेदप्रकाश खटल्यात शिक्षा ठरवताना आरोपीची सामाजिक माहिती जमवणे हे न्यायालयाचे कर्तव्यच असल्याचे बजावले. न्या. आनंद नारायण मुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील तुरुंगसुधारणा समितीने 1983 च्या अहवालात परिवीक्षेचा वापर वाढवण्याची शिफारस केली.

याच काळात बाहेरच्या जगात या कार्यावर शंका घेतली गेली. 1974 साली अमेरिकेत रॉबर्ट मार्टिन्सन यांनी सुधारकार्यक्रमांचा आढावा घेतला. त्यातून ‘काहीच उपयोगी पडत नाही’ असा अर्थ लोकांनी काढला आणि अनेक देशांत कठोर शिक्षेकडे कल झुकला. महाराष्ट्रातले कार्यकर्ते मात्र पाय रोवून उभे राहिले. आदेश संपल्यानंतरही दिवाळीला भेटायला येणारे, लग्नाची पत्रिका आणून देणारे, धाकट्या भावाला ‘साहेबांशी बोल’ म्हणून घेऊन येणारे तरुण त्यांनी पाहिले होते. काय उपयोगी पडते आणि का, याची काटेकोर तपासणी करण्याची गरज मात्र या वादाने सर्वांना पटवली.

जिल्ह्यांची संख्या, न्यायालयांची संख्या आणि चौकशीची प्रकरणे वाढली, त्या मानाने पदे वाढली नाहीत. एकाच अधिकाऱ्याकडे मुले, प्रौढ आरोपी आणि भीक प्रतिबंधक कायद्याखालची प्रकरणे एकत्र येत. कामाची विभागणी कशी असावी, शासकीय आणि स्वयंसेवी यंत्रणेचा मेळ कसा घालावा, यावर या काळात निरनिराळी मते मांडली गेली. सर्वांनी समजुतीने घेतले आणि काम अखंड चालू राहिले.

1986 ते 1999 : कारागृहाच्या दारापर्यंत

1986 साली शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगात असलेल्या मुलांची दखल घेतली. त्याच वर्षी संसदेने बाल न्याय अधिनियम केला आणि मुंबईच्या 1948 च्या कायद्याची जागा देशव्यापी कायद्याने घेतली. 1990 च्या दशकात राज्यात महिला व बाल विकास हा स्वतंत्र विभाग आकाराला आला आणि परिवीक्षेचे काम त्याच्या छत्राखाली आले.

1990 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने ‘प्रयास’ हा क्षेत्रीय प्रकल्प मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात सुरू केला. कच्च्या कैद्यांना वकील मिळवून देणे, घरी निरोप पोहोचवणे, सुटल्यावर काम शोधून देणे, असे त्याचे स्वरूप होते. परिवीक्षा अधिकारी न्यायालयाच्या बाजूने आणि ‘प्रयास’चे कार्यकर्ते कारागृहाच्या बाजूने एकाच माणसाकडे येत होते. सुटलेल्या माणसाच्या पहिल्या काही दिवसांत झोपायला जागा, खिशात भाडे आणि हाताला काम या तीन गोष्टी मिळाल्या तर पुढची वाट सोपी होते, हा दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांचा अनुभव होता.

1993 साली अमेरिकेत जोन पीटरसिलिया आणि सुसान टर्नर यांचा एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 14 ठिकाणी ‘कडक देखरेखी’चे प्रयोग करून त्यांनी तुलना केली. भेटी वाढवल्या, तपासण्या वाढवल्या, अधिकाऱ्याकडची प्रकरणे कमी केली. तरी नव्या अटका कमी झाल्या नाहीत. अटी मोडल्याची प्रकरणे मात्र वाढली आणि माणसे त्यामुळे पुन्हा तुरुंगात गेली. जिथे देखरेखीबरोबर व्यसनमुक्ती आणि रोजगाराची जोड मिळाली, तिथे चित्र अधिक आशादायक दिसले. नुसती पाळत पुरत नाही, हे आपल्या जुन्या कार्यकर्त्यांनी पालावर आणि चाळीत जे ओळखले होते त्याच्याशी जुळणारे होते.

2000 ते 2013 : नवा बाल न्याय कायदा, नवे ज्ञान

2000 च्या बाल न्याय अधिनियमाने अठरा वर्षांखालील सर्व मुला-मुलींना एका छत्राखाली आणले. न्यायालयाची जागा बाल न्याय मंडळाने घेतली. दंडाधिकाऱ्यांच्या शेजारी दोन सामाजिक कार्यकर्ते बसू लागले आणि त्यांपैकी किमान एक स्त्री असावी असा नियम झाला. 2009 मधील एकात्मिक बाल संरक्षण योजनेतून जिल्हा बाल संरक्षण कक्ष निर्माण झाले. तिथे विधी तथा परिवीक्षा अधिकाऱ्याचे पद आल्याने तरुण मुले-मुली, विशेषतः समाजकार्याच्या पदवीधर मुली, मोठ्या संख्येने या कामात आली. घरातल्या आईशी, बहिणीशी बोलणे त्यामुळे अधिक मोकळे झाले.

देखरेखीच्या भेटीत नेमके काय बोलले जाते, हा प्रश्न या दशकात जगभर अभ्यासला गेला. कॅनडात डॉन अँड्र्यूज आणि जेम्स बोंटा यांनी 1990 पासून तीन तत्त्वे मांडली होती. ज्याच्याकडून पुन्हा गुन्हा होण्याचा धोका अधिक, त्याला अधिक वेळ द्यावा. गुन्ह्याला कारण ठरणाऱ्या गोष्टींवर, म्हणजे संगत, व्यसन, बेकारी, रागाची आणि विचाराची सवय यांवर काम करावे. आणि ते त्या व्यक्तीला समजेल, झेपेल अशा पद्धतीने करावे. 2008 मध्ये बोंटा आणि सहकाऱ्यांनी मॅनिटोबा प्रांतातील प्रत्यक्ष भेटींची ध्वनिमुद्रणे तपासली. जिथे भेटीचा वेळ हमीपत्राच्या अटींची उजळणी करण्यातच जात होता, तिथे पुन्हा गुन्हा होण्याचे प्रमाण अधिक होते. जिथे बोलणे गुन्ह्यामागच्या कारणांपर्यंत जात होते, तिथे ते कमी होते.

आपल्याकडच्या कामाला हे तंतोतंत लागू पडते. महिन्याला सही करायला आलेल्या मुलाला ‘काही गडबड नाही ना?’ एवढे विचारून परत पाठवता येते. त्याच दहा मिनिटांत, ‘गॅरेजला किती दिवस गेलास? पगार झाल्या दिवशी कुणाबरोबर होतास? त्यांनी पुन्हा बोलावले तर काय सांगशील?’ असेही विचारता येते. दुसऱ्या प्रकारे विचारणारा अधिकारी त्या मुलाच्या हातात पुढच्या प्रसंगाचे उत्तर देऊन ठेवतो. या पद्धतीचे प्रशिक्षण प्रत्येक जिल्ह्यात पोहोचावे, असे आम्हांला तळमळीने वाटते.

2014 ते 2024 : आजचे काम

2015 च्या बाल न्याय अधिनियमाने सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत सादर करण्याची मुदत घातली. सोळा ते अठरा वयोगटातील मुलांवर जघन्य गुन्ह्याचा आरोप असल्यास प्राथमिक मूल्यमापन होते. त्यामुळे या अहवालाचे वजन पूर्वीपेक्षा वाढले आहे. प्रत्येक विधिसंघर्षग्रस्त बालकासाठी वैयक्तिक काळजी योजना आखली जाते आणि संस्थेतून बाहेर पडणाऱ्या तरुणांसाठी अनुरक्षणाची सोय आहे. प्रौढांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये लखवीर सिंग खटल्यात 1958 च्या कायद्याचे महत्त्व पुन्हा ठसवले. दंड संहितेत किमान शिक्षा सांगितलेली असली तरी एवढ्या कारणाने परिवीक्षेचे दार बंद होत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

करोनाच्या काळात गृहभेटी अवघड झाल्या, तेव्हा फोनवरून चौकशी करणे, शिधा मिळवून देणे, गावी परतलेल्या मुलांचा माग ठेवणे, अशी कामे सहकाऱ्यांनी मनापासून केली.

शताब्दीच्या वर्षातच मोठा बदल झाला. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आल्या. जुन्या कलम 360 ची जागा नव्या संहितेच्या कलम 401 ने घेतली. समाजसेवा ही शिक्षेचा एक प्रकार म्हणून प्रथमच कायद्यात आली. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची पहिलीच चोरी आणि वस्तू परत केलेली, सार्वजनिक ठिकाणी दारूच्या नशेतील गैरवर्तन, अशा ठरावीक गुन्ह्यांत ती देता येते. 1978 च्या दंड संहिता दुरुस्ती विधेयकात ही कल्पना आली होती, पण लोकसभा विसर्जित झाल्याने ते विधेयक बारगळले. आता ती प्रत्यक्षात आली आहे. एखाद्या तरुणाला रुग्णालयात किंवा बागेत काम करायला पाठवले, तर तो आला की नाही, त्याला अपमानास्पद वागणूक मिळाली का, काम करताना त्याच्या मनात काही हलले का, हे पाहणारे कुणी तरी हवे. परिवीक्षा सेवेकडे या कामाचा शंभर वर्षांचा अनुभव तयार आहे.

पुढील वाट

इतिहास लिहिताना भविष्याविषयी चार शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. पहिली गरज माणसांची. मंजूर पदे वेळच्या वेळी भरली गेली, तर एका अधिकाऱ्याला प्रत्येक घरी पुरेशा वेळा जाता येईल. दुसरी गरज प्रवासाची. दुर्गम तालुक्यातील पाड्यावर किंवा वाडीवर गृहभेट द्यायची तर वाहन आणि वेळेवर मिळणारा प्रवासभत्ता यांखेरीज ती होत नाही. तिसरी गरज सातत्यपूर्ण प्रशिक्षणाची. कायदा आणि नमुना अर्ज तर शिकवले जावेतच, शिवाय भेटीत कसे बोलावे, राग आणि व्यसन कसे हाताळावे, पुन्हा गुन्हा होण्याचा धोका कसा ओळखावा, हेही शिकवले जावे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गरज मोजणीची. किती अहवाल दिले, किती आदेश झाले, हे आपण सवयीने लिहितो. देखरेखीचा काळ संपल्यावर दोन-तीन वर्षांनी ती व्यक्ती पुन्हा गुन्ह्यात सापडली का, तिचे काम टिकले का, घर टिकले का, याची राज्यव्यापी नोंद गोपनीयता राखून ठेवली पाहिजे. आपले काम खरेच किती उपयोगी पडते, हे त्यातून आपल्यालाही कळेल आणि समाजालाही दाखवता येईल. त्याआधारेच अधिक न्यायालये, विशेषतः तालुक्याची न्यायालये, कलम 3 आणि 4 चा वापर विश्वासाने करतील.

देशातल्या कारागृहांत सुमारे तीन चतुर्थांश माणसे कच्चे कैदी आहेत. कारागृहाच्या गर्दीत पहिला गुन्हा केलेला तरुण सराईताच्या शेजारी झोपतो आणि काही आठवड्यांत त्याच्या ओळखी बदलतात. त्याला वेळीच बाहेर ठेवणे, आणि बाहेर ठेवल्यावर एकटे न सोडणे, हे समाजाच्या सुरक्षिततेचेच काम आहे. ज्याच्या घरी चोरी झाली त्या माणसाचेही हित यातच आहे, कारण सावरलेला तरुण पुन्हा कुणाचे दार फोडत नाही.

येत्या काळात महाराष्ट्रातल्या प्रत्येक न्यायालयाशी एक प्रशिक्षित, पुरेसा वेळ असलेला परिवीक्षा अधिकारी जोडलेला असावा, हा संकल्प शताब्दीच्या निमित्ताने आम्ही सर्वजण करत आहोत. शासन, न्यायव्यवस्था आणि नागरिक यांनी त्यासाठी साथ द्यावी, अशी नम्र विनंती आहे.